तहान कुठं जाते

यंदा पुन्हा आमच्या गल्लीत घागरी रांगेला लागल्यात. निळ्या, लाल, पिवळ्या, गळ्याला दोरी बांधलेल्या. माणूस उभं नसलं तरी त्याची घागर उभी असते आणि तिचा नंबर सहसा कुणी हलवत नाही. लातुरात चैत्रातच असं ऊन, की नळाची तोटी हाताला चटका देते आणि सोडली की आतून नुसती हवा सूं सूं करते. तो आवाज ऐकला की मला उदगीरचे आप्पा आठवतात. नळाचा आणि आप्पांचा काय संबंध म्हणाल, तर तेच सांगायला बसलेय.

परवा नव्या सिस्टरांचं ट्रेनिंग होतं. जे आजारी आता बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जायचं, त्यांचं दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना धीर द्यायचा, हे आमचं काम. त्याला पॅलिएटिव्ह केअर असं भारदस्त नाव आहे. आमचा ड्रायव्हर खाजाभाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ‘आराम का काम’ म्हणतो आणि लोकांना तेच लवकर कळतं. तर पहिल्या भेटीचा फॉर्म शिकवत होते. एक पोरगी उठली. ‘सिस्टर, घरात पाणी कुठून येतं, किती दिवसांनी येतं आणि कोण भरतं, हे कशाला विचारायचं? हा तर नगरपालिकेचा प्रश्न झाला.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं, जेवण झाल्यावर सांगते.

जेवण झालं, पण मला नीट सांगता आलं नाही. तो उन्हाळाच असा होता की त्याचं एक टोक ओढलं की सगळा गुंता हातात येतो.

त्या वर्षी पाणी रेल्वेनं येत होतं. लग्नाच्या पत्रिकेवर ‘पाण्याची सोय आहे’ असं छापलं तरी लोकांना खोटं वाटलं नसतं, उलट अहेर वाढला असता. आम्ही तिघं जीपनं गावोगाव फिरायचो: डॉक्टर अनघा मॅडम, खाजाभाई आणि मी. मॅडम दक्षिणेत जाऊन हे शास्त्र शिकून आलेल्या, मूळच्या पुण्याच्या. मी हदगावची. लातूरवाले माझ्या ‘करून राहिले, जाऊन राहिले’ला हसायचे आणि मी त्यांच्या ‘करायलाव, जायलाव’ला. मॅडमचं पुणेरी दोघांनाही हसू आणायचं, पण ते आम्ही जीपमधून उतरल्यावर हसायचो.

उदगीरला त्या दिवसांत दोनच विषय. टँकर कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. चहाच्या टपरीवर नव्या जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस रोज नव्या जागी बांधलं जायचं. आप्पांच्या ओट्यावरही तेच. आप्पा म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले जुने आडते, लिंगायत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आवाज असा की पाठीच्या मणक्यात कॅन्सर पोचलाय यावर विश्वास बसू नये. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. मुलगा दुकान बघायचा. घरात आप्पांचं सगळं सून करायची, महादेवी.

पहिल्याच भेटीत आप्पांनी मॅडमना विचारलं, ‘बरं करनार हाव का मला?’

‘नाही आप्पा. आजार बरा नाही होणार. दुखणं कमी करू.’

आप्पा म्हणाले, ‘मग येताव कशाला एवढं पेट्रोल जाळून?’ आणि लगेच, ‘बसा. खरं बोलनारं डॉक्टर पहिल्यांदाच बघायलो.’

दुखणं मोजायला आमच्याकडं एक कार्ड असतं. सहा चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. किती दुखतंय ते बोटानं दाखवायचं. आप्पांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. ‘ह्यातला एक बी उदगीरचा न्हाई,’ म्हणाले. ‘आन् दुखलं म्हणून असलं तोंड केलं, तर दुकानात गिऱ्हाईक थांबंल का?’ खाजाभाई दाराबाहेर खो खो हसला. दोन भेटी कार्ड वाया गेलं. मग महादेवीच म्हणाली, ‘दुखनं कमी असलं की पूजा बसून करत्यात. जास्त असलं की लोडाला टेकून. लईच असलं की पडून.’ मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि फाईलवर लिहिलं, ‘पूजा: टेकून.’ मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी लिहिलं, ‘पूजा: बसून.’ मला इतका आनंद झाला की मी परतीच्या वाटेवर सगळ्यांना उसाचा रस पाजला. बर्फ न घालता, कारण बर्फाचं पाणी कुठलं आहे कुणास ठाऊक.

चांगले दिवस होते ते. आप्पा खाजाभाईशी भांडायचे. ‘आप्पा, जिल्हा हुआ तो कलेक्टर का बंगला किधर डालते?’ ‘तुझ्या घरावर.’ ‘फिर मैं किधर जाऊँ?’ ‘तू लातूरलाच ऱ्हा की. परजिल्ह्यातला माणूस तू.’ मला ते अव्वा म्हणायचे. कानडीत आईला म्हणतात, आणि मायेनं पोरीबाळींनाही. म्हणायचे, ‘अव्वा, जिल्हा झाला की तुमचं औषधाचं कपाट हितंच यील. मग म्या मरीन. आत्ता मेलो तर फुकट लातूरच्या नावावर लागंल.’

आणि मग एका भेटीला दारातच महादेवी उभी. डोळे सुजलेले. ‘चार दिस झालं, पानीच पियेनात. गोळीपुरता घोट घेत्यात, मग चमचा लावला की तोंड मिटत्यात.’

आप्पा आडवे. डोळे अर्धे मिटलेले, जीभ कोरडी, ओठांना भेगा. मधेच पुटपुटायचे, ‘पोती आत घ्या, तूर भिजंल.’ अशा दुष्काळात तूर कशानं भिजते? मॅडमनी तपासलं, नाडी पाहिली आणि महादेवीचा हात हातात घेऊन बसल्या. शेवट जवळ आला की शरीराला पाणी नको होतं, म्हणाल्या. तहान आपोआप जाते. पाजलं नाही म्हणजे आपण तहानेनं मारतोय असं मनात आणू नका, जबरदस्ती करू नका, ओठ ओले ठेवा. यातलं काही खोटं नाही. मी स्वतः कितीतरी घरांत हेच सांगितलंय, आजही सांगते. हे ऐकून माणसं मोकळी होतात. महादेवीनं मान डोलावली, पण ती मोकळी झालेली दिसली नाही.

मी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून आप्पांच्या ओठांकडं नेला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडं वळवलं.

आता खरं सांगायचं तर मला मेलीला त्या क्षणी काय वाटलं? आप्पांची दया वाटली नाही. वाटलं, बघ, शेवटी आलंच वर. इतके दिवस अव्वा अव्वा, आणि पाण्याची वेळ आली की तोंड भिंतीकडं. त्यांना माझं आडनाव पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आडनावावरून माणूस कुठल्या वस्तीतला ते आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. महादेवीनं आत्ताच सांगितलं होतं की ते तिच्या हातूनही पीत नाहीत. मी ऐकलं होतं, तरी ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. जुनं दुखणं असंच असतं, त्याला शेजारचं काही ऐकू येत नाही.

माझी आई कापूस वेचायला जायची. बांधावर मालकीणबाई तांब्या घेऊन यायची आणि वरून धार धरायची. आई दोन्ही हातांची ओंजळ करून वाकायची. निम्मं पाणी कोपरावरून मातीत. मी शेजारी उभी, मला त्या ओघळाचीच मजा वाटायची. पुढं नर्सिंगला निघाले तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, ‘लोकांच्या घरी जाशील. सुई दे, औषध दे, हागणं-मुतणं काढ. पण पाणी मागू नको.’ म्हणून माझ्या पर्समध्ये बाटली असते. महादेवी प्रत्येक भेटीला तांब्या-फुलपात्र घेऊन यायची आणि मी प्रत्येक भेटीला म्हणायची, ‘नको गं, आत्ताच पिऊन आले.’ दुष्काळात माझा हा अडेलतट्टूपणा फार समजूतदार दिसायचा. लोक म्हणायचे, बघा, सिस्टर किती विचारी आहे.

परतताना मी नुसती खिडकीबाहेर बघत होते. खाजाभाईनं आरशातून पाहिलं. ‘क्या हुआ सिस्टर? पानी पी लो.’

‘तुझं तू पी,’ मी खेकसले.

मग मी विचारलं, ‘मॅडम, तहान जाते म्हणता. जाते म्हणजे कुठं जाते?’

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मॅडम नळेगाव येईपर्यंत विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला माहीत नाही गं. पुस्तकात जाते एवढंच लिहिलंय.’

दोन दिवसांनी शेवटच्या दिवसांची औषधं पोचवायला मी आणि खाजाभाईच निघालो, मॅडमची लातूरला मीटिंग होती. सकाळी आठलाच पोचलो. आत पूजा चालली होती. महादेवीनं आप्पांना मागून कवेत धरून बसतं केलं होतं. आप्पा अर्धवट गुंगीतच होते, पण हाताला सत्तर वर्षांची सवय. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. महादेवीनं पळीनं तीनदा पाणी घातलं. भस्म, बेलाचं एक वाळकं पान. मग लिंग उचलून, पुसून, पुन्हा कापडात. राहिलं तळहातातलं तीर्थ, जेमतेम घोटभर. आप्पांनी हात तोंडाशी नेला. आधी ओठांनी घेतलं. मग जिभेनं तळहात पुसला. मग बोटांच्या बेचक्या. एक थेंब मनगटावरून कोपराकडं ओघळत होता, डोळे मिटलेले असूनही त्यांनी तो शोधून काढला आणि मनगट चाटलं.

मी उंबऱ्यातच थांबले. अगं बाई, ज्याची तहान गेली तो माणूस मनगट चाटत नाही.

पुस्तकातलं कारण आणि माझ्या मनातलं कारण, दोन्ही एकदमच खाली पडली. मी पर्स टाकून त्यांच्याजवळ बसले. ‘आप्पा, तहान लागलीय ना?’

डोळे न उघडताच ते म्हणाले, ‘लागती की.’

‘मग पीत का नाही?’

त्यांनी एक बोट उचललं. खिडकीबाहेर दोरीवर चादर वाळत होती. ‘चादर,’ म्हणाले.

मला काही कळलं नाही. महादेवीला कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला. आजारानं आप्पांचा लघवीवरचा ताबा गेला होता. जेवढं पाणी पोटात, तेवढं चादरीत. एका चादरीला दोन घागरी. आणि घागरीसाठी महादेवी पहाटेपासून टँकरच्या रांगेत. गेल्या आठवड्यात तिथल्या रेटारेटीत तिची बांगडी फुटून मनगटात घुसली होती. ती पट्टी बांधून आली, काही बोलली नाही, चादर पिळून दोरीवर टाकली. आप्पांनी पलंगावरून सगळं पाहिलं होतं. त्याच दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं.

‘म्या कवा म्हणलं का वो,’ महादेवी रडत ओरडली, ‘चादर धुवायचा कटाळा हाय म्हणून?’

‘न्हाई म्हणलीस,’ आप्पा म्हणाले. ‘म्हणून तर.’

मी ओट्यावर जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘लघवी किती झाली?’ म्हटलं, कालपासून एकदा, तीही गडद. ‘म्हणजे ते शेवटाला नाही लागले. कोरडे पडलेत. पाणीच नाही म्हणून गोळी अंगात साचतेय, त्याची ही गुंगी.’ मग म्हणाल्या, ‘मी चुकले.’ मोठ्या डॉक्टरच्या तोंडून एवढं साधं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. गोळी किती कमी करायची, चमच्याचमच्यानं काय पाजायचं ते सांगितलं आणि जीप आमच्याकडं होती म्हणून त्या भर दुपारी एसटीनं उदगीरला आल्या. सोबत पुरुषांना बाहेरून लावायची नळी आणि पिशवी. लघवी पिशवीत, चादर कोरडी. आप्पांना दाखवलं. त्यांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, जशी दुकानात मालाची पोती पाहायचे तशी, आणि महादेवीला म्हणाले, ‘आण पानी.’

फुलपात्रभर प्याले. मी समोर बसून प्रत्येक घोट पाहिला. लाज, आनंद आणि स्वतःचा राग, सगळं एकत्र दाटून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा शुद्धीवर, चौथ्या दिवशी भांडणावर. ‘अव्वा, ही पिशवी आधी का न्हाई आणलाव?’

‘तुम्ही सांगितलं का कधी?’

‘तुमी इचारलं का? कुठं दुखतं, किती दुखतं, तोंड कसं होतं, समदं इचारलाव. घरात पानी किती हाय, हे एकानं बी इचारलं न्हाई.’

त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मॅडम आता ठिकठिकाणी शिकवायला जातात. मोठमोठे डॉक्टर समोर बसलेले असतात, आणि त्या सुरुवात स्वतःच्या या चुकीनं करतात. मी एकदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मनगट चाटण्यापर्यंत. फक्त मी काय समजले होते ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते मी त्यांना कधी सांगितलंच नाही.

आप्पांना मात्र काहीतरी कळलं असावं. एका दुपारी महादेवी तांब्या घेऊन आली आणि माझं नेहमीचं ‘नको गं’ झालं. आप्पा लोडाला टेकून पाहत होते. ती आत गेल्यावर म्हणाले, ‘अव्वा, आमच्या घरचं पानी का पीत न्हाईस तू?’

मी म्हटलं, ‘दुष्काळ आहे ना आप्पा.’

‘हाव,’ ते म्हणाले. ‘म्या तोंड मिटलो तवा कुनी इचारलं असतं, तर म्या बी तेच सांगितलो असतो.’

मी बॅग आवरू लागले, त्यांनी पेपर उघडला. मला आईची ओंजळ सांगावीशी वाटली, ते तोंड वळवणं मी काय समजले होते तेही सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. जिभेवर आलेलं गिळायची मला लहानपणापासून सवय आहे.

त्यानंतर आप्पा दीड महिना राहिले. नातवाच्या पुस्तकांना कव्हरं घातली, मोंढ्यातल्या जुन्या मित्राशी मोडलेलं बोलणं पुन्हा सुरू केलं आणि जिल्ह्याचा नकाशा खाजाभाईशी भांडून तीनदा बदलला. जिल्हा काही झाला नाही. अजून झालेला नाही. मृग लागायला आला तरी आभाळ घासून ठेवल्यासारखं लख्ख होतं.

मग पूजा टेकून, मग पडून. हे गोळीनं थांबण्यातलं राहिलं नव्हतं. दुखत नव्हतं, पण दिवसेंदिवस ते दूर निघाल्यासारखे दिसत. मी पुन्हा सकाळी आठला पोचले. मॅडम बाहेर महादेवीच्या नवऱ्याशी बोलत होत्या. आत महादेवीनं आप्पांच्या तळहातावर लिंग ठेवलं, तीन पळ्या घातल्या, पान ठेवलं, लिंग पुसून कापडात गुंडाळून गळ्याशी ठेवलं. तळहातात घोटभर पाणी राहिलं. आम्ही दोघी त्या हाताकडं बघत होतो. त्यांनी हात तोंडाशी नेला. ओठ मिटले नाहीत, सैलच होते. पाणी ओठाला टेकलं आणि त्यांनी हात हळूच खाली आणला. पिशवीत लघवी स्वच्छ होती, चादर कोरडी होती, घरात दोन घागरी भरलेल्या होत्या. काही अडत नव्हतं. नुसतं नको होतं. महादेवीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली. या खेपेला पुस्तक खरं होतं.

पण पाणी हातात तसंच होतं, आणि आप्पांची नजर कुणाला तरी शोधत होती. माझ्यावर येऊन थांबली.

‘अव्वा,’ म्हणाले, ‘उन्हातून आलीस. घे.’

पर्समध्ये माझी बाटली होती, अर्धी भरलेली. आप्पांचा हात कलत होता, पाणी सांडेल म्हणून मी घाईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. त्यांनी वरून ओतलं नाही. त्यांचा हात माझ्या हातांवर येऊन टेकला, बोटं बोटांना लागली आणि पाणी इकडून तिकडं आलं. मी बौद्ध घरातली. तीर्थबिर्थ मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण मला तहान लागली होती. मी प्याले. मनगटावर ओघळला तो थेंबसुद्धा.